बर्फघर ते संग्रहालय

वसई तालुक्यातल्या कुठल्याही मासळी बाजारात भल्या सकाळी गेलात, तर टेम्पोतून बर्फाच्या लाद्या उतरवण्याचे काम चालू असते. पाचूबंदर किंवा अर्नाळ्याची होडी समुद्रात जाण्यापूर्वी बर्फाचा चुरा भरून घेते. हा बर्फ येतो कुठून, असे वर्गात विचारले तर मुले चटकन 'कारखान्यातून' म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. आता त्यांना पुढचा प्रश्न विचारा. बर्फाचे कारखाने निघण्यापूर्वी, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांपूर्वी, मुंबईत बर्फ मिळत असेल का?

बहुतेकांचे उत्तर 'नाही' असे येईल. आचोळ्याच्या तलावाचे पाणी ऐन थंडीतही गोठत नाही. कोकणपट्टीतले कुठलेच तळे गोठत नाही. पण १८३४ पासून पुढची चाळीसेक वर्षे मुंबईत बर्फ विकत मिळत होता आणि तो चक्क अमेरिकेतल्या तळ्यांमधून येत होता. शिडाच्या जहाजातून, आफ्रिका खंडाला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून! हा बर्फ साठवण्यासाठी कोलकाता, मुंबई आणि मद्रास या तिन्ही शहरांत खास कोठारे बांधली होती. त्यांना 'आइस हाऊस' म्हणत. त्यांपैकी कोलकात्याचे आणि मुंबईचे कोठार आज राहिलेले नाही. मद्रासचे मात्र चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर उभे आहे आणि आज ते एक संग्रहालय आहे.

तीन कोठारांपैकी एकच का टिकले? टिकले ते कोणत्या रूपात? आणि मुळात एखाद्या इमारतीत बर्फ महिनोन्‌महिने टिकतो तरी कसा? या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांचा मागोवा घेताना आठवी-नववीच्या पुस्तकातला उष्णतेचा जवळजवळ सगळा धडा डोळ्यांपुढून जातो.

तीन निरुपयोगी वस्तूंचा व्यापार

या व्यापाराचा जनक म्हणजे बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर (१७८३-१८६४). बॉस्टनच्या परिसरातली तळी हिवाळ्यात गोठतात. हा बर्फ कापून उष्ण देशांत विकावा, असे ट्यूडरच्या मनात आले. १८०६ मध्ये त्याने एका जहाजातून बर्फ वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर नेला. बर्फ पोचला, पण उतरवून ठेवायचा कुठे? बेटावर कोठारच नव्हते. माल डोळ्यांदेखत वितळू लागला आणि ट्यूडरला सुमारे साडेचार हजार डॉलरचा फटका बसला. या अनुभवातून तो एक गोष्ट शिकला. जहाज दुय्यम, आधी कोठार पाहिजे. पुढे क्यूबातल्या हवानामध्ये त्याने आधी बर्फघर बांधले आणि मगच धंदा उभा केला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हा व्यापार मोठा मजेदार होता. तळ्यातला बर्फ फुकटचा. बर्फाभोवती भरायला लागणारा लाकडाचा भुसा लाकूड कापण्याच्या गिरण्यांना डोईजड झालेला. बॉस्टनहून हिंदुस्थानकडे निघणाऱ्या जहाजांना जाताना पुरेसा माल मिळत नसे, त्यामुळे समतोल राखण्यासाठी तळाशी दगड भरावे लागत. म्हणजे जहाजातली जागाही जवळपास फुकटच. तीन निरुपयोगी वस्तू एकत्र आल्या आणि त्यांतून एक मौल्यवान वस्तू तयार झाली.

१८२५ मध्ये नॅथॅनिएल वायेथ याने घोड्याने ओढायचे बर्फ कापण्याचे अवजार तयार केले. त्यामुळे गोठलेल्या तळ्यावर चौकटी आखून एकसारख्या मापाच्या लाद्या कापता येऊ लागल्या. हा केवळ मजुरी वाचवण्याचा प्रश्न नव्हता. वेड्यावाकड्या तुकड्यांच्या ढिगात मधेमधे हवा खेळते आणि प्रत्येक तुकडा सर्व बाजूंनी वितळतो. सारख्या लाद्या एकमेकींना चिकटून रचल्या की साऱ्या ढिगाची जणू एकच प्रचंड लादी होते.

मे १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले आणि सुमारे चार महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, कोलकात्याला पोचले. तेव्हा जहाजात अंदाजे १०० टन बर्फ शिल्लक होता. बर्फावरचा आयातकर माफ झाला, माल रात्री उतरवण्याची परवानगी मिळाली, आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याने ट्यूडरचा भागीदार विल्यम रॉजर्स याचा चांदीचा पेला देऊन सत्कार केला.

या प्रवासाचे एक छोटेसे गणित मुलांकडून जरूर करून घ्या. चार महिन्यांत ८० टन, म्हणजे ८०,००० किलो बर्फ वितळला. १ किलो बर्फ वितळण्यासाठी सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते (जुन्या एककात, १ ग्रॅमला ८० कॅलरी). ही झाली बर्फाची वितळण्याची अप्रकट उष्णता. गुणाकार करून आलेल्या उत्तराला चार महिन्यांतील सेकंदांनी भागले, तर सुमारे अडीच किलोवॅट हे उत्तर मिळते. म्हणजे उष्ण कटिबंधातून चाललेल्या त्या भल्यामोठ्या जहाजात सरासरीने जेवढी उष्णता बर्फापर्यंत पोचत होती, ती आपल्या न्हाणीघरातल्या एका गीझरएवढीच होती!

मुंबईचे बर्फघर

कोलकात्यापाठोपाठ १८३४ मध्ये मुंबईतही अमेरिकन बर्फ आला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीचे नाव या आयातीशी जोडले जाते. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्याच सुमारास आपल्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम दिल्याची आणि त्यानंतर यजमान व पाहुणे सर्दीने बेजार झाल्याची गोष्ट मुंबईच्या इतिहासावर लिहिणारे आवडीने सांगतात. मेजवान्यांपेक्षाही महत्त्वाचा उपयोग होता तो आजाऱ्यांसाठी; तापाने फणफणलेल्या रोग्याच्या कपाळावर ठेवायला बर्फ मिळू लागला.

याचा अर्थ आपल्या देशात पूर्वी बर्फ तयारच होत नव्हता असे नाही. उत्तर हिंदुस्थानात आणि बंगालमध्ये हुगळीच्या परिसरात थंडीच्या दिवसांत पेंढ्यावर उथळ मातीची भांडी मांडून त्यांत पाणी ठेवत. निरभ्र, कोरड्या रात्री भांड्यातील पाण्याची उष्णता प्रारणाने आकाशाकडे जाई, थोडे पाणी बाष्पीभवनाने उडे, खालच्या पेंढ्यामुळे जमिनीची ऊब वर येत नसे आणि पहाटे बर्फाचा पातळ पापुद्रा हाती लागे. अलाहाबादची ही रीत सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली होती. पण मुंबईची दमट हवा या युक्तीला अनुकूल नाही. हवेतील बाष्प जमिनीकडून जाणारे प्रारण अडवून धरते, बाष्पीभवनही मंदावते आणि रात्री पुरेशा थंड होत नाहीत. म्हणून मुंबईला आयात बर्फाचाच आधार होता.

जहाजे रोज येत नसत. एका जहाजातला माल पुढचे जहाज येईपर्यंत पुरवावा लागे. म्हणून १८४३ च्या सुमारास लोकवर्गणीतून मुंबईत बर्फघर उभे राहिले. नौदलाच्या गोदीच्या लायन गेटसमोर आज जिथे के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट ही प्राच्यविद्येची संस्था आहे, त्या जागी ते होते. जवळच बंदर असल्याने जहाजातून काढलेला बर्फ उन्हातून फार लांब न्यावा लागत नसे.

हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाने १८४६-४७ च्या हिवाळ्यात आपल्या झोपडीशेजारच्या वॉल्डन तळ्यावर बर्फ कापणारे मजूर पाहिले. मद्रास, मुंबई आणि कोलकात्याचे लोक आता आपल्याच विहिरीचे पाणी पिणार, या विचाराची त्याला गंमत वाटली होती. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'वॉल्डन' या पुस्तकात हा उल्लेख आहे.

कोठार म्हणजे उष्णतेची अडवणूक

आता बर्फघराच्या रचनेकडे वळू. बर्फघर बर्फ थंड करत नाही; तिथे कसलेही यंत्र नसते. बाहेरची उष्णता आत येण्याचा वेग कमी करणे एवढेच त्याचे काम. उष्णता तीन मार्गांनी येते: वहन, अभिसरण आणि प्रारण. चांगल्या बर्फघराने हे तिन्ही मार्ग अडवले पाहिजेत.

पहिली गोष्ट आकारमानाची. १ किलोच्या बर्फाच्या तुकड्याची बाजू सुमारे १० सेंटिमीटर असते. १०० टनांचा एकच घनाकार ढीग रचला तर त्याची बाजू पावणेपाच मीटरच्या आसपास येते. उष्णता पृष्ठभागातून शिरते, पण वितळायचे असते सारे घनफळ. बाजू वाढत गेली की पृष्ठफळ वर्गाच्या आणि घनफळ घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १०० टनांच्या ढिगात दर किलोमागे वाट्याला येणारा पृष्ठभाग १ किलोच्या तुकड्याच्या सुमारे ४६ पट कमी असतो. केवळ मोठा ढीग रचल्याने बर्फाचे आयुष्य ४६ पट वाढले, आणि अजून आपण भुशाला हातही लावलेला नाही! बर्फाचा किरकोळ व्यापार दूरवर करता येत नाही, तो घाऊकच करावा लागतो, याचे कारण हे.

दुसरी गोष्ट भिंतींची. हवानातल्या ट्यूडरच्या बर्फघराची मापे नमुन्यादाखल घेऊ. बाहेरून प्रत्येक बाजू २५ फूट, आतून १९ फूट, उंची १६ फूट. दुहेरी भिंत आणि मधल्या सुमारे ३ फुटांच्या पोकळीत भुशासारखा दुर्वाहक माल. आतल्या जागेत १५० टन बर्फ मावे. भुशाच्या कणांमध्ये हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत दुर्वाहक. मोकळ्या पोकळीत हवा फिरू लागते आणि अभिसरणाने उष्णता पोचवते. भुसा तिला फिरू देत नाही. कोरड्या भुशाची उष्णतावाहकता विटेच्या सुमारे एक दशांश असते. म्हणजे एक फूट भुसा हा दहा फूट जाडीच्या विटांच्या भिंतीच्या तोडीचा!

आमच्या प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजन ज्या पात्रात येतो, त्याचे तत्त्वही हेच. जेम्स देवार याने १८९२ मध्ये दुहेरी भिंतींमधली हवाच काढून टाकली, एवढाच फरक. आपला चहाचा थर्मास त्याचाच वंशज आहे.

आता एक गमतीचे गणित. हवानाच्या बर्फघराला सर्व बाजूंनी ३ फूट कोरडा भुसा आहे आणि बाहेरचे तापमान २८ अंश सेल्सिअस आहे असे मानले, तर वहनाने दिवसाला जेमतेम १०० किलो बर्फ वितळेल. या हिशेबाने १५० टन बर्फ चार वर्षे पुरायला हवा! प्रत्यक्षात असे कधीच होत नसे. मग गणितात काय राहिले?

राहिले ते दार, आणि दारातून येणारे बाष्प. ३० अंश तापमानाच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या १ घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ही हवा बर्फाला लागून ० अंशापर्यंत थंड झाली की त्यातले १९-२० ग्रॅम बाष्प पाणी होऊन बर्फावर बसते. बाष्पाचे पाणी होताना १ ग्रॅममागे सुमारे २५०० ज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि तेवढ्या उष्णतेने साडेसात ग्रॅम बर्फ वितळतो. हवा थंड होताना दिलेली उष्णता यात मिळवली, तर आत शिरलेली प्रत्येक घनमीटर दमट हवा पाव किलो बर्फ संपवून जाते. एका लहानशा खोलीएवढी हवा आत आली, की सहा-सात किलो बर्फ गेला. म्हणून बर्फघराला खिडक्या नसतात आणि दारे शक्य तितकी कमी व लहान असतात. दार वरच्या बाजूला असेल तर अधिक चांगले, कारण थंड हवा जड असते; ती विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते, वरून सांडत नाही.

तिसरी गोष्ट निचऱ्याची. वितळलेले पाणी तळाशी साचू दिले, तर भुसा भिजतो. भुशातल्या हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हे स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक सुवाहक आहे. दुर्वाहक भिंत बघता बघता निकामी होते. म्हणून तळाला उतार आणि पाण्याला वाट हवी. पण त्या वाटेने गरम हवा आत येता कामा नये, म्हणून नळीला वाकण देऊन त्यात पाणी अडवून ठेवायचे. न्हाणीघराच्या मोरीला आपण आजही तेच करतो.

मालाप्रमाणे कोठार

बर्फघरावरून एक व्यापक गोष्ट ध्यानात येते. कोठार ज्या वस्तूसाठी बांधतात, त्या वस्तूचे गुणधर्म त्याच्या भिंतींत उतरतात. मराठीत साठवणीच्या जागांना किती निरनिराळे शब्द आहेत पाहा: कणगी, बळद, पेव, कोठी, अंबारखाना, वखार, गुदाम. प्रत्येक शब्दामागे वेगळी रचना आणि वेगळे विज्ञान आहे.

देशावरच्या कोरड्या मातीत धान्याचे पेव, म्हणजे जमिनीखालचा खड्डा, करता येई. तोंड लिंपून बंद केले की आतला प्राणवायू धान्याच्या व किडींच्या श्वसनाने कमी होत जाई, कार्बन डायऑक्साइड वाढे आणि कीड मरे. म्हणूनच नुकत्याच उघडलेल्या पेवात लगेच उतरणे जिवावर बेतू शकते. कोकणात पाऊस आणि जमिनीतली ओल यांमुळे पेव चालत नाही. इथे जमिनीपासून उचलून ठेवलेली, शेणामातीने सारवलेली कणगी लागते. पन्हाळ्याच्या अंबारखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती ही तीन कोठारे आहेत. गंगा कोठीच्या छताला भोके ठेवली आहेत, ती वरून धान्य ओतण्यासाठी. दारूगोळ्याच्या कोठाराच्या भिंती जाड असतात आणि ते वस्तीपासून दूर असते. म्हणजे रिकामी इमारतही, नीट पाहिले तर, आपल्यात काय होते ते सांगते.

मद्रासचे बर्फघर: एका इमारतीचे अनेक जन्म

मद्रासचे बर्फघर १८४२ चे. ट्यूडरच्या कंपनीने ते थेट किनाऱ्यालगत बांधले. त्या काळी मद्रासला सुरक्षित बंदर नव्हते. जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभे राही आणि माल मसुला नावाच्या, लाटांवर तगणाऱ्या शिवलेल्या होड्यांतून किनाऱ्यावर येई. बर्फासारख्या मालाला ही शेवटची मजल सर्वांत धोक्याची, म्हणून कोठार पाण्याच्या जितके जवळ तितके चांगले.

या इमारतीचा दर्शनी आकार गोलाईचा आहे. समान क्षेत्रफळाच्या चौरसापेक्षा वर्तुळाचा परीघ सुमारे ११ टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे तेवढ्याच जागेसाठी उन्हाला तोंड देणारी भिंत कमी. विद्यार्थ्यांना हे सूत्राने सहज पडताळता येईल.

१८७० नंतर चित्र पालटले. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात कृत्रिम बर्फाची यंत्रे आधीच निघाली होती. १८७४ मध्ये मद्रासला इंटरनॅशनल आइस कंपनी आणि १८७८ मध्ये कोलकात्याला बेंगॉल आइस कंपनी स्थापन झाली. वाफेच्या इंजिनावर चालणारी यंत्रे शहरातच रोज बर्फ पाडू लागली. १८८० नंतर थोड्याच वर्षांत अमेरिकन बर्फाची आयात थांबली.

इथे एक बारकावा आहे. नव्या यंत्राने अमेरिकेतील तळी मागे पडली हे उघडच आहे; पण त्याने कोठारही मागे पडले. उत्पादन आणि वापर यांच्यात जेव्हा काळाचे किंवा अंतराचे मोठे अंतर असते, तेव्हा कोठार लागते. भात वर्षातून एकदा पिकतो आणि बारा महिने खाल्ला जातो, म्हणून कणगी. बर्फ अधूनमधून येणाऱ्या जहाजांतून येई आणि रोज लागे, म्हणून बर्फघर. रोजचा बर्फ रोज तयार होऊ लागल्यावर अशा प्रचंड कोठाराचे प्रयोजनच उरले नाही. इमारत धडधाकट, पण तिचे काम संपलेले.

मद्रास उच्च न्यायालयातले वकील बिलिगिरी अय्यंगार यांनी ही इमारत घेतली आणि तिचे राहते घर केले. गोल व्हरांडे काढले, भिंतींना पुष्कळ खिडक्या पाडल्या आणि न्यायमूर्ती कर्नन या आपल्या स्नेह्याच्या नावावरून तिला 'कॅसल कर्नन' असे नाव दिले. तरीही ही वास्तू राहायला पुरेशी हवेशीर झाली नाही. ज्यांनी वरचा भाग लक्षपूर्वक वाचला असेल, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. हवा आत येऊ न देणे हाच जिच्या रचनेचा हेतू, ती इमारत माणसाला गैरसोयीचीच असणार. बर्फाला जे हवे असते, नेमके तेच माणसाला नको असते. आणि उलट, माणसासाठी पहिली खिडकी पाडली त्या दिवशी बर्फघर म्हणून ती इमारत कायमची संपली.

फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद पाश्चात्त्य देशांतून परतले, तेव्हा त्यांचा मुक्काम या घरात होता. ६ फेब्रुवारीपासून सुमारे नऊ दिवस ते इथे राहिले. त्यांच्या मद्रासी स्नेह्यांच्या आग्रहावरून स्वामी रामकृष्णानंद त्याच वर्षी मद्रासला आले आणि रामकृष्ण मठाचे काम याच घरात सुरू झाले. १९०७ पर्यंत मठ इथे होता. पुढे इमारत सरकारकडे गेली. बालविधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सिस्टर सुब्बलक्ष्मी यांनी इथे विधवा मुलींचे वसतिगृह चालवले. ज्यांना समाजाने अंधाऱ्या कोपऱ्यात बसवले होते, त्यांतल्या काही मुली या जुन्या बर्फघरात राहून शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. शिक्षकांसाठी चालणाऱ्या मासिकात या वसतिगृहाची आठवण ठेवायलाच हवी.

विवेकानंदांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६३ मध्ये, इमारतीला 'विवेकानंदर इल्लम' म्हणजे विवेकानंद भवन असे नाव मिळाले. १९९७ मध्ये ती रामकृष्ण मठाकडे भाडेपट्ट्याने आली आणि १९९९ मध्ये तिथे विवेकानंदांचे जीवन व भारतीय संस्कृती यांवरचे कायमस्वरूपी प्रदर्शन खुले झाले. बर्फाचा शेवटचा कण वितळून शंभरहून अधिक वर्षे लोटली, पण त्या भागाच्या पोलिस ठाण्याचे नाव मात्र अजूनही 'आइस हाऊस' असेच आहे.

टिकले ते कशामुळे?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मद्रासच्या भिंती मुंबईच्या भिंतींपेक्षा मजबूत होत्या म्हणून ती इमारत टिकली असे नाही. एक काम संपल्यावर तिला दुसरे मिळाले, दुसरे संपल्यावर तिसरे. घर, मठ, वसतिगृह, संग्रहालय. प्रत्येक पिढीला तिची गरज वाटली. मुंबईच्या बर्फघराच्या जागेला गोदी आणि कचेऱ्यांच्या परिसरात फार मोल होते. तिथे इमारतीपेक्षा भूखंड महाग ठरला. त्या भूखंडावर एक विद्यासंस्था उभी राहिली, हे चांगलेच झाले. पण बर्फाच्या व्यापाराचा मुंबईतला सर्वांत मोठा पुरावा मात्र नाहीसा झाला.

दुसरी बाजूही विसरता कामा नये. संग्रहालय झालेली इमारत टिकते, पण ती बदलूनच टिकते. नवे काम जुन्या कामाच्या खुणा पुसत जाते. मद्रासच्या इमारतीत खिडक्या पाडल्या नसत्या, तर बर्फघराचा अस्सल नमुना आपल्याला पाहायला मिळाला असता. पण मग कदाचित ती पाडलीच गेली असती. जुनी वास्तू जपताना ही देवाणघेवाण अटळ असते. निदान काय बदलले याची नोंद तरी आधी व्हावी, एवढे आपण करू शकतो.

हे काम शाळा उत्तम करू शकतात. वसई-विरार पट्ट्यात भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवसाय. त्यांच्याबरोबर आलेल्या साठवणीच्या जागा, म्हणजे घरातल्या कणग्या, भाताच्या गिरण्यांची गुदामे, मिठाच्या राशी झाकण्याच्या पद्धती, नव्या इमारतींच्या गर्दीत झपाट्याने दिसेनाशा होत आहेत. मुलांना अशी एक जागा शोधायला सांगा. भिंतीची जाडी मोजायची, खिडक्या किती आणि कोणत्या उंचीवर आहेत ते पाहायचे, जोते जमिनीपासून किती वर आहे, माल कुठून आत येई आणि कुठून बाहेर जाई ते विचारायचे, आणि वहीत आराखडा काढायचा. त्यावरून आत काय साठवत असतील याचा तर्क करायचा. मग घरातल्या आजी-आजोबांना विचारून तो पडताळायचा.

वर्गात करून पाहा

एकाच मापाचे चार पत्र्याचे डबे घ्या. प्रत्येकाच्या बुडाला खिळ्याने भोक पाडून खाली पेला ठेवा. प्रत्येक डब्यात १०० ग्रॅम बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. पिशवीच्या तळाला छोटे भोक ठेवा आणि त्यात पेयाच्या नळीचा तुकडा बसवून नळी डब्याच्या भोकातून पेल्यात सोडा. पहिल्या डब्यात नुसता बर्फ. दुसऱ्यात भोवती सर्व बाजूंनी कोरडा भुसा. तो लाकडाच्या वखारीत मिळेल. तिसऱ्यात तितकाच, पण पाण्याने भिजवून निथळलेला आणि वर्गातल्या तापमानाला आलेला भुसा. चौथ्यात खाली आणि बाजूंनी कोरडा भुसा, पण वरून बर्फ उघडा. दर पंधरा मिनिटांनी पेल्यातले पाणी मोजा आणि आलेख काढा. दर ग्रॅम पाण्यामागे ३३४ ज्यूल उष्णता आत शिरली, हे लक्षात घेऊन प्रत्येक डब्यात सेकंदाला किती उष्णता आली ते काढा. मग हाच प्रयोग भर पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारीतल्या कोरड्या दिवशी, त्या त्या दिवसाचे तापमान लिहून, करून पाहा. चौथ्या डब्याच्या दोन आलेखांमध्ये जो फरक दिसेल, त्यातला किती तापमानाचा आणि किती बाष्पाचा, याची चर्चा वर्गात घडवून आणा.